बसायचं हाड

बसा बसा काय करता, या बसण्यापायी माझ्या पुतण्याचं लग्न राहिलं असतं.

मांडीच्या मागं तीन स्नायू असतात. त्यांचे टेंडन, म्हणजे दोऱ्याच, वर जाऊन बसायच्या हाडाला चिकटतात. दोघांची दोरी सामाईक, तिसऱ्याची वेगळी. माझी नेमकी तिथंच सुजली होती. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "कडक जागेवर बसू नका, दोरी हाडाखाली दाबली जाते."

त्याच आठवड्यात लासूर स्टेशनला पुतण्याला घेऊन मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील म्हणाले, "बसा, पाहुणे." समोर लाकडी खुर्च्या. मी म्हणालो, "असू द्या, उभाच बरा."

त्यांच्याकडचे एकमेकांकडं बघायला लागले. मुलगी बघायला आलेला पाहुणा बसेना, म्हणजे नकार ठरवूनच आला. खरं कारण सांगावं तर दुखतं ती जागा बायामाणसांत दाखवणार कशी? "पायाचं जरा," एवढंच बोललो. कुणाला पटलं नाही. पण पाहुणा उभा म्हणून वडील उठले, मग आजोबा, मग सगळं घरच उभं राहिलं.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. सगळे उभे बघून तिला वाटलं, आम्ही निघालो. शांतपणे म्हणाली, "नकार द्यायचा तर बसून द्या, काका. चहा झालाय."

पुतण्या म्हणाला, "काका, बसा. मला पसंत आहे."

बसलो. लई दुखलं, पण बसलो.