पाच वर्षांपुढच्यांना चालेल

ओहायोतल्या आमच्या चित्रपटगृहात, तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे सासू, जावई आणि सहा वर्षांची डीलिया उभी होती.

"गॅरेट, सिनेमा मुलांना चालेल का ते सांगणारं ॲप नीट बघितलंस?"

"तीनदा बघितलं, सासूबाई. मारामारी नाही, शिव्या नाहीत. पाच वर्षांपुढच्यांना चालेल."

"आणि त्यात कुणाची आई जाते का?"

"हळू बोला ना!"

"माझी लेक जाऊन चारच महिने झालेत. मी विचारणारच."

"थांबा... खाली एका पालकाने लिहिलंय. जाते. सुरुवातीलाच."

"मग घरी चल. आत्ताच्या आत्ता."

"डीलिया, बाळा, आपण आइस्क्रीम खायला जाऊ या."

"बाबा, त्या मुलीची आई मरते, मला माहितीये. शाळेत सांगितलं सगळ्यांनी."

"मग कशाला बघायचाय, राणी?"

"आजी, नंतर तिची वेणी कोण घालतं, ते बघायचंय."