मुल्की घोंगडं

मला मुल्की मालाचं सांगू नका राव, त्याच्यात मी होरपळलोय. हैदराबादेहून हुकूम आलता की सरकारी खरेदी मुल्की मालाचीच करायची, म्हंजे आपल्या राज्यात बनलेल्या. मी लई खुशीत शिपायांसाठी बारा घोंगडी विणली अन् डोक्यावर घेऊन वडगावहून तालुक्याच्या कचेरीत गेलतो.

पेशकार म्हंजे साहेबाचा कारकून. त्यानं एक घोंगडं दोन बोटांनी उचललं अन् म्हनला, "हे गावठी हाय. मुल्की माल हैदराबादेहून येतो."

"मग आमचं वडगाव कोणत्या मुलखात हाय, साहेब?"

"जास्ती बोलू नको. याच्यावर शिक्का कुठंय?"

आता मेंढराच्या लोकरीवर शिक्का कुठून आणू? बाजारात एका फिरत्या व्यापाऱ्याला सगळी देऊन टाकली.

थंडीत पेशकारानंच मला बोलावून घेतलं. समोर एक घोंगडं, त्याला शिवलेल्या चिंधीवर जांभळा शिक्का.

"नीट बघ. मुल्की माल असा असतो. असं विणायला शिक."

मी घोंगड्याचा कोपरा उलटला. आमच्या घरात नजर लागू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्याला लाल धाग्याची गाठ मारतात. गाठ जागच्या जागी होती.

"साहेब, हे माझंच हाय. ही बघा माझी गाठ."

त्यानं गाठ बघितली, मला बघितलं, अन् सावकाश घडी घालत म्हनला, "असंल. पण ते हैदराबादेला जाऊन आलंय. तू गेलतास का कधी?"