चिलखत घातलं, पोट उघडंच

...आणि पोट? पोट उघडं. म्हणजे बघा, डोक्याला लोखंड, खांद्यांवर लोखंड, तेही असलं की दोन्ही खांद्यांना सुळे, मान वळवली की आपलाच कान कापायचा, मनगटांना लोखंड, गुडघ्यांना लोखंड, खाली बूट, तेही उंच टाचांचे, आणि मधे, जिथे माणसाचं काळीज असतं, आतडं असतं, जिथे भाला घुसला की माणूस संपला, तिथे काय? तिथे वारा. वर दोन वाट्या, खाली एक पट्टा, पट्ट्याला लोंबणारी साखळी, आणि ह्याला म्हणे चिलखत. मी त्या चिलखतवाल्याला म्हटलं, अहो भाऊ, हे तुम्ही अर्धंच दिलंत, बाकीचं आत राहिलंय का बघा जरा.

तुम्ही म्हणाल, ही बाई चिलखत घ्यायला गेली कुठे? तर कॉम्प्युटरवर गेले होते. खेळात. हसू नका. मी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते, सकाळ-संध्याकाळ पोत्यानं कांदे चिरते, घरात पाल दिसली तर तिलासुद्धा मारत नाही, दार उघडून "जा बाई" म्हणते, मला कशाला हवेत राक्षस आणि तलवारी? पण मुलगी लग्न करून लांब गेली ना. फोन केला की, "जेवलीस?" "हो." "बरी आहेस?" "हो." "आणखी?" "काही नाही, तू सांग." मी काय सांगणार, कांदे? संपला फोन. मग एकदा जावईबापू म्हणाले, "आई, ती दर शनिवारी दुपारी आमची टोळी घेऊन त्या खेळात लढायला जाते, तुम्ही पण या की, तिथे ती खूप बोलते." कानाला ते हेडफोन लावायचे आणि सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एकत्र लढायचं, असा तो प्रकार.

आणि तुम्हाला सांगते, खरंच बोलते हो. एकीकडे सांगाड्याचं मुंडकं उडवते आणि एकीकडे म्हणते, "आई, काल साहेबांशी वाजलं माझं," दुसऱ्याचा हात खांद्यापासून तोडते, "मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले," तिसऱ्याला जिवंत जाळते, "कुणाला सांगितलं नाही अजून." आता हे फोनवर सांगितलं असतं तिने? जन्मात नाही. मी म्हटलं, रक्ताचे पाट वाहू देत, लेक बोलतेय ना, मग मी येणार.

टोळीत प्रत्येकाला एक काम असतं. मुलगी प्रमुख, ती मागून जाळ फेकते. जावई बाण मारतात. आणखी दोघं-तिघं पोरं आहेत, ती नुसती "चला चला" करतात. मी विचारलं, मला काय काम? तर म्हणाली, "आई, तू सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि सगळ्यांचा मार आपल्या अंगावर घ्यायचा." म्हटलं दे, ह्याचा मला अनुभव आहे.

पण मार खायचा तर अंगावर काही नको का? सुरुवातीला देतात एक कापूस भरलेला अंगरखा. गळ्यापासून घोट्यापर्यंत, लांब बाह्या, पुढे नाड्या. काय सुरेख होता सांगू. पण पहिलं गाव ओलांडलं की त्याचा उपयोग शून्य, कुणीही येऊन फाडतं. मग पुढची चिलखतं मिळवायची. आणि मी बघते तर काय, जसजशी लढाई मोठी तसतसं कापड कमी. लांडगे मारायला बाह्या गेल्या, दरोडेखोर मारायला पाठ गेली, राक्षसांपर्यंत पोचेस्तोवर दोन वाट्या आणि साखळी. आणि पोट? पोट उघडं.

बरं, सगळ्यांचंच तसं असेल म्हणावं, तर तेही नाही. एक लोखंडी राक्षस मेला, आम्हीच मारला, जावयांनी त्याचे डोळे फोडले आणि मी गदेने गुडघे फोडले, तर त्याच्याकडे दोन चिलखतं निघाली, अगदी एकसारखी, एक त्यांनी घेतलं, एक मी. त्यांनी घातलं तर मानेपासून पायाच्या नखापर्यंत लोखंड, नाकाला श्वासापुरती फट. मी घातलं तर... आटलं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटतो तसं. मी आपली मैदानाच्या मधोमध उभी, समोर जावई. जावई सज्जन हो, लगेच म्हणाले, "आई, मी नदीकडे बघतो." आणि खरंच नदीकडे तोंड करून उभे राहिले, आणि तेवढ्यात मागून लांडगा आला आणि त्याने त्यांचा गळा फोडला. माझ्या पोटापायी माणूस जिवानिशी गेला. म्हणजे परत उठतो तो, खेळ आहे, पण तरी.

मी ते काढलं, गाठोड्यात कोंबलं आणि पुन्हा अंगरखा घातला. आणि थेट त्या खेळातल्या चिलखतवाल्याकडे गेले. तो एक मिशीवाला असतो ऐरणीपाशी, त्याला दोनच वाक्यं येतात. मी म्हटलं, भाऊ, ह्याच्यात जरा मोठं माप दाखवा. तो म्हणतो, "उत्तम पोलाद आहे, वीरांगने." मी म्हटलं, पोलादाबद्दल म्हणत नाही मी, पोलाद चांगलंच असेल, पण ते मधे का नाहीये? "आणखी काही हवं?" अहो तेच तर सांगतेय, आणखी हवं, एवढं वीतभर आणखी हवं. "उत्तम पोलाद आहे, वीरांगने." तिकडून आमचे हे पेपर खाली करून विचारतात, "कोणाशी भांडतेयस?" मी म्हटलं, चिलखतवाल्याशी. "मग दुसऱ्या दुकानात जा," म्हणाले आणि पेपर परत वर.

दुसऱ्या दुकानात शाल मिळाली. मला केवढा आनंद झाला. तर ती शाल पाठीवर लोंबते. फक्त पाठीवर. अहो, मी समोरून मार खाते, माझ्या पाठीला कोण विचारतंय?

तुम्हीच सांगा, आमच्याकडे नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला काय सांगतो? तळणीसमोर उभी राहतेस तर आधी ॲप्रन बांध. का? तर तेलाचा थेंब उडतो. थेंब. आणि इथे समोर आग ओकणारं जनावर आणि खेळातली ही माझी बया कंबर हलवत उभी.

मुलगी म्हणाली, "आई, एवढं असेल तर पुरुष हो ना, नवीन सुरुवात कर, त्यांना पूर्ण चिलखत मिळतं." मी म्हटलं, म्हणजे एवढं सगळं रक्त सांडून मिळवलेलं सोडून द्यायचं आणि पोट झाकायला दाढी लावायची? मी बाई आहे, बाई म्हणूनच मार खाईन.

टोळीत आणखी एक होती. तिला मी तांबडी वेणी म्हणायचे. दोन हातांत दोन कुऱ्हाडी, एक घाव घातला की समोरच्याचे दोन तुकडे, डोकं एकीकडे गडगडत आणि धड एकीकडे थुईथुई नाचत, आणि अंगावर म्हणाल तर माझ्यापेक्षाही कमी. ती बोलायची नाही, नुसतं लिहायची. मला वाटलं, मुलीची ऑफिसातली मैत्रीण असेल, लाजते बिचारी. मी आपलं मायेनं सांगायचे, अगं बाळा, एवढ्या बर्फात अशी फिरू नकोस, छातीत कफ होईल. ती लिहायची, "बरं." मी म्हणायचे, अगं जरा नीट काहीतरी घाल, चारचौघांत शोभतं का? ती लिहायची, "हो." एकदा लढाई ऐन रंगात आणि ही लिहिते, "थांबा, डोळ्यांत थेंब घालायचे आहेत." म्हटलं, बघा, ह्या वयात डोळ्यांची काय दशा करून घेतलीय पोरीनं.

आणि मग ते रानडुक्कर आलं. गुहेतलं. घराएवढं, सुळे म्हणाल तर विजेच्या खांबाएवढे. आणि ते मारतं कुठे? पोटात. धावत येतं, सुळा पोटात घालतं, वर उचलतं आणि भिंतीवर आपटतं. मी अंगरख्यात पुढे उभी. फाडलं. परत उठले, परत फाडलं. आणि खेळ बनवणाऱ्यांनी ती आतडी काय मन लावून रंगवलीत हो, एकेक वेटोळं वेगळं, वर चकाकी. अरे, आतड्याला एवढा वेळ होता तर एक ओढणी रंगवायची होती.

मी पडले की मागचे सगळे पडायचे.  एका शनिवारी मुलगी हळूच म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. पण पोरं कुरकुरतात. आज पण पडलीस ना, तर पुढच्या शनिवारपासून मला दुसऱ्या कुणालातरी पुढे उभं करावं लागेल. तू फोन कर ना, आपण फोनवर बोलू."

फोनवर. जेवलीस? हो. बरी आहेस? हो.

म्हटलं, आज काही झालं तरी पडायचं नाही.

आत गेलो. डुक्कर आलं, मला एका धडकेत कोपऱ्यात फेकलं, अंगरख्याच्या चिंध्या. जावयांना तुडवलं, बरगड्यांचा आवाज आला, कडकड कडकड. पोरं तर कधीच मेली होती. आणि माझ्या मुलीला त्याने भिंतीशी गाठलं. ती कानात ओरडतेय, "आई, जाळ संपला माझा, आई, येतंय ते..." आता तुम्ही सांगा, लेक आई म्हणून हाक मारतेय आणि आई काय नाड्या बांधत बसणार? मी उघडलं ते गाठोडं, काढल्या त्या वाट्या, घातला तो पट्टा, ती साखळी, ते टाचांचे बूट, आणि म्हटलं, बघा रे ज्याला बघायचंय ते, आणि मधे घुसले.

सुळा आला. सरळ पोटावर. उघड्या पोटावर. मी डोळे मिटले.

ठण्ण.

अहो खरंच, ठण्ण असा आवाज. नुसत्या कातडीवरून. काहीच झालं नाही मला, सुळाच मोडला; खेळाच्या हिशेबात चिलखत घातलं की उघडं पोटही पोलादच, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग माझ्या अंगात काय आलं मला ठाऊक नाही. गदा उचलली आणि त्याच्या थोबाडावर घातली, जबडा फुटला. अर्धा पायाखाली दाबला, अर्धा ओढला. म्हटलं, माझ्या लेकीच्या अंगावर जातोस? डोळा फोडला. हा त्या बाह्यांबद्दल, कान तोडला, हा त्या पाठीबद्दल, आणि मग कपाळावर असे घाव, असे घाव, की रक्त, मेंदू, हाडांचा चुरा, सगळी गुहा लाल. आमचे हे पेपर टाकून आले, म्हणाले, "अगं, हळू, टेबल मोडेल." तांबडी वेणी धावत आली आणि दोन कुऱ्हाडींनी मान उडवली. संपलं डुक्कर.

मुलगी हसतेय, रडतेय, "आई, तू जायचं नाहीस कुठे, दर शनिवारी तूच पुढे." मीही रडतेय. इकडे मी रडतेय आणि तिकडे पडद्यावर ती माझी बया, कमरेवर हात, पोट उघडं, मेलेल्या डुकरावर पाय. आणि खाली अक्षरं उमटली. तांबडी वेणी लिहीत होती.

"धन्य आहात, विहीणबाई."

विहीणबाई.

मला विहीणबाई म्हणणारा माणूस ह्या जगात एकच आहे हो. जावयांचे वडील. निवृत्त हेडमास्तर. ज्यांच्यासमोर मी अजून पाय मोकळे करून बसलेली नाही.  हेडफोनमध्ये जावई खाकरले. म्हणाले, "आई, बाबांनी सांगू नका म्हणून बजावलं होतं. त्यांच्याकडून चुकून बाईचं चित्र निवडलं गेलं सुरुवातीला." बरं, चित्र चुकून. वेणी चुकून तांबडी? तिला हिरवी फीत, तीही चुकून? आणि मी त्या माणसाला बाळा म्हणून सांगत होते, छातीत कफ होईल.

आता काय करणार? परवा ते मुला-सुनेबरोबर आमच्याकडे आले होते. मी दार उघडलं, त्यांनी लगेच शर्टाचं वरचं बटण लावलं, मी खांद्यावरून पदर ओढून घेतला. मी म्हटलं, कशी आहे तब्येत? ते म्हणाले, बरी आहे. मी म्हटलं, डोळे? ते म्हणाले, बरे आहेत. जेवणं झाली, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, सगळं कसं रीतसर. निघताना चपला घालता घालता, मान खाली, अगदी हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, ह्या शनिवारी म्हणे दोन डुकरं आहेत." मी म्हटलं, येते हो. घालून येते.