छत्रीचे सैल बोल्ट

(ताथवड्यातलं घर. भाडेकरू ज्योतीराम गच्चीवर, टीव्हीच्या छत्रीपाशी. गुडघेदुखीनं घरीच अडकलेले मालक सोपानराव जिन्याखाली. त्यांची बायको रंभा आत टीव्हीसमोर. मुलगा जयदीप घरात नाही.)

सोपानराव : छत्री आपसूक फिरती व्हय रं? गच्चीवर तुझ्याबिगर जातंय कोन?

ज्योतीराम : अण्णा, मी कपडे वाळू घालतो अन् खाली येतो. छत्रीला कामून हात लावू?

सोपानराव : जयदीप म्हनला, भाडेकरूच हलवतोय. पुन्यांदा टीव्ही गेला तर खोली रिकामी कर.

ज्योतीराम : लेकरांची शाळा चालू हाय, मधीच कुठं जाऊ? थांबा जरा. हे बगा, चारी बोल्ट सैल झालेत. आत्ताबी खांब थरथरायलाय. त्या धडधडणाऱ्या ब्रेकर मशीननं झालंय हे.

रंभा : अवं, ऱ्हाऊ द्या टीव्ही. त्याला खाली बोलवा, च्या केलाय.

सोपानराव : ब्रेकर रस्त्याचा हाय. जयदीप म्हनला, रुंदीकरन चाललंय.

ज्योतीराम : रस्त्यावर कुठं? मागं, विहिरीच्या कडंला खडक फोडायलेत.

सोपानराव : कंच्या इहिरीच्या?

ज्योतीराम : ती मोठी चिंच हाय ना. म्हणजे होती. नुसता बुंधा राहिलाय.

सोपानराव : तितं आमचं वावर हाय. दिवाळीपास्नं म्या उंबरा वलांडला न्हाई, पर हरभरा पेरलाय त्यात. परवाच जयदीपनं घाटं आनून दिलं.

ज्योतीराम : हरभरा न्हाई दिसत, अण्णा. चहूबाजूंनी पत्रे ठोकलेत. पाटी लावलीय.

रंभा : ज्योतीराम, ये बाबा खाली. चित्र आलं.

सोपानराव : तुला लई घाई त्याला खाली आनायची. वाच रं पाटी.

ज्योतीराम : बारा मजले. बुकिंग सुरू.

सोपानराव : आन् मागं जयदीपनं माझी सही नेली ती? सात-बाऱ्यावरचं नाव नीट कराया पायजे म्हनला हुता.

ज्योतीराम : मला वाटलं, तुमीच दिलंय वावर.

सोपानराव : बोल्ट आवळ आन् ये. खोलीचं बोललो ते सोड. तू ऱ्हा.

ज्योतीराम : बरं अण्णा.

सोपानराव : रंभा, त्या टीव्हीचा आवाज बंद कर. त्या कागदावर तुझा अंगठा हाय का?

रंभा : च्या निवला तुमचा. दुसरा करते.