बिनकार्डाचा फोन

शालूबाई : काच बसली म्हंजी झालं, असं न्हाई हां पोरी. आतलं बोलणं, फोटू, समदं दिसाया पायजे. त्यासाठनंच तीन म्हयने वाट बघितली मी.

कौमुदी : दिसेल मावशी. डिस्प्ले परवा पुण्याहून आला, कालच बसवला. सकाळपासून चार्जिंगला ठेवलाय, आता चालू करते. पण सिमकार्ड मिळालं का तुमचं? ते नसेल तर फोन लागणार नाही, आतलं तेवढं बघता येईल.

शालूबाई : कुटलं मिळतंय. सुनेनं इंद्रायणीत टाकलं ते.

कौमुदी : नदीत?

शालूबाई : सोताच्या तोंडानं कबूल केलं तिनं, चार मानसांम्होरं. आन तूच न्हाई का सांगितलंस आमच्या आदिनाथला, कार्ड कुनीतरी काढून घेतलंय म्हनून? दहाव्याच्या आदल्या दिशी आला हुता त्यो हितं फोन घिऊन.

कौमुदी : आदिनाथ म्हणजे तळेगावला कंपनीत जातो तो ना, तुमचा पुतण्या? आठवतंय. फोन मेलेला होता पूर्ण. तो म्हणाला, कार्ड तरी काढून द्या, दुसऱ्या फोनात घालू. मी पिन टोचून ट्रे बाहेर काढला तर रिकामा.

शालूबाई : व्हय. त्या रिकाम्या खाचेनंच तर समदं उघडं पडलं.

मारुती : शालू, जाऊ दे ना आता. त्या पोरीला तिचं काम करू दे.

शालूबाई : काय जाऊ दे? माजा ल्योक, माऊली, गेला घाटात. टेम्पो उलटला, बरूबर. पन सतरा वर्सं चालवत हुता त्यो घाट, डोळं मिटून चालवला असता. लोकं म्हनतात कानाला फोन हुता त्याच्या. मंग कुनाचा हुता? सकाळी बायकोसंगं वाजलं हुतं त्याचं, मी सोता ऐकलंय. दवाखान्यातनं कपड्यांची पिशवी, फोन, समदं दिलं राजेश्वरीच्या हातात. आठ दिस तिच्यापाशी हुता फोन. आन उघडला तर कार्ड न्हाई. आता तूच सांग पोरी, आमी काय समजायचं?

कौमुदी : बरं, थांबा. चालू झाला बघा. लॉक आहे, चार आकडे मागतोय.

मारुती : इंदूच्या जल्माची तारीख टाक. झीरो नऊ, झीरो दोन.

शालूबाई : तुमाला कसं ठावं?

मारुती : त्यो आपल्या नातीला मांडीवर घिऊन उघडायचा फोन. म्या बघितलंय.

कौमुदी : उघडला. अरे... हे कसं काय?

शालूबाई : काय झालं? बिघडला का?

कौमुदी : नाही मावशी. टॉवर दाखवतोय. पूर्ण. मेसेजही यायला लागले एकामागोमाग एक.

शालूबाई : मंग?

कौमुदी : कार्डच नाही तर टॉवर कुठून येईल? थांबा, ट्रे परत काढते. हा बघा, रिकामाच आहे. भाऊ, माऊलीदादांचा नंबर पाठ आहे का? तुमच्या फोनवरून लावा बरं.

मारुती : माज्या फोनात हाय त्यो. म्या काडला न्हाई अजून.

शालूबाई : नका लावू. काय भलतंसलतं करताय. गेलेल्या मानसाला फोन लावतं का कोन?

मारुती : लावू दे शालू. एकदाच.

(काउंटरवरचा फोन वाजू लागतो.)

शालूबाई : वाजतोय.

कौमुदी : हो.

शालूबाई : कसा वाजतोय? कार्ड न्हाई ना त्यात?

कौमुदी : काय नाव आलंय बघा भाऊ. ‘दादा’ लिहिलंय.

मारुती : मला दादाच म्हनायचा त्यो. बंद कर, बंद कर. म्या तोडतो हितनं.

शालूबाई : पोरी, हे काय हाय? खरं खरं सांग. मला गोल फिरवू नगंस.

कौमुदी : सांगते. एक तपासून घेते आधी. स्टार, हॅश, झिरो, सिक्स, हॅश. हं. ही वरची ओळ बघा, ईआयडी. बत्तीस आकडे. ज्या फोनात ई-सिम चालतं त्यातच ही ओळ येते, दुसऱ्यात येत नाही. आणि सेटिंगमध्येही आहे, ई-सिम चालू. मेसेज पण आहे कंपनीचा, गेल्या माघातला. तेव्हाच केलंय त्यांनी.

शालूबाई : म्हंजी काय, आमाला कळंल असं सांग.

कौमुदी : म्हणजे नंबर फोनच्या आतच असतो मावशी. प्लॅस्टिकचं कार्ड नसतंच. काढायला काही नव्हतंच तिथे.

शालूबाई : असा कुटं फोन असतो व्हय? बिनकार्डाचा?

कौमुदी : असतो. भारीतल्या फोनांत असतो. हा त्यांनी नवा घेतला होता?

मारुती : टेम्पोच्या मालकानं दिवाळीला आपला जुना दिला हुता. लय भारी फोन हाय, जपून वापर म्हनला.

कौमुदी : बरोबर. म्हणजे कार्ड कुणी काढलं नाही. नदीत टाकलं नाही. तुमच्या सुनेनं काहीच केलेलं नाही.

शालूबाई : तिनं कबूल केलंय म्हनते ना मी.

कौमुदी : जे नव्हतंच, ते कसं कबूल केलं त्यांनी?

मारुती : ती म्हनली हुती शालू. पयल्या दिशी. ‘ह्यात कार्ड घातलंच न्हाई आत्या, तळेगावला दुकानात फोनाला काय तरी काळा-पांढरा चौकोन दाखवून केलं त्यांनी, मी संगं हुते.’ आदिनाथ हासला. त्यो हासला म्हनून समदी हासली.

शालूबाई : कंपनीत जातो त्यो. मला वाटलं, त्याला कळतं. आन ह्या पोरीनं बी सांगितलं हुतं ना, कुनीतरी काढलंय म्हनून.

कौमुदी : मी... हो. मीच म्हणाले. शनिवार होता मावशी, लोणावळ्याला आलेल्या पाहुण्यांचे फोन घेऊन बसले होते, कुणाचा पाण्यात पडलेला, कुणाचा दरीत आपटलेला. ट्रे रिकामा दिसला, तोंडातून निघून गेलं, काढलं असेल कुणीतरी. मॉडेल बघून नेटवर टाकलं असतं तरी कळलं असतं, ह्यात ई-सिम चालतं का नाही. दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही.

शालूबाई : दोन मिंटं.

कौमुदी : माझ्या एका वाक्यावर तुम्ही एवढं कराल असं मला काय माहीत?

मारुती : आमी काय केलं ते सांग की शालू तिला. तिला बी कळू दे.

शालूबाई : तुमीच सांगा. आज लय तोंड फुटलंय तुमाला.

मारुती : सांगतो. भैरोबाच्या देवळात नेली सुनंला. बेलभंडार उचलाया लावला. एक हात पोरीच्या डोक्यावर ठिवून. आमच्याकडं रीत हाय ती, चोरी झाली का उचलायचा. तिनं उचलला, म्हनली म्या कार्ड बघितलं बी न्हाई. चार वर्साची इंदू, ती तितं टाळ्या पिटत हुती, तिला वाटलं आरती हाय.

कौमुदी : मग?

मारुती : दुसऱ्या दिशी इंदूला ताप भरला.

शालूबाई : भरला की न्हाई? मी खोटं सांगितलं का लोकास्नी? काल शपत, आज ताप. देवळातली मानसं म्हनली, खोटा भंडार लेकरावर आला. तीन दिस ताप हटंना. मी म्हनलं तिला, कबूल कर, पोरगी वाचंल. आन तिसऱ्या सांजंला केलं तिनं कबूल. म्हनली, म्याच काढलं, नदीत टाकलं. आन फाटंला ताप उतरला. मंग मी काय समजायचं, सांग की.

कौमुदी : डॉक्टरकडे नेलं नव्हतं?

शालूबाई : देवाच्या तापाला डाक्टर काय करनार हुता?

मारुती : म्या नेलं न्हाई. पन औषद आणलं हुतं.

शालूबाई : काय?

मारुती : कबुलीच्याच दिशी, दुपारी. कार्ल्याच्या फाट्यावरनं. मेडिकलवाल्याला ताप किती, वजन किती सांगितलं, त्यानं बाटली दिली, गोळ्या दिल्या. म्या राजेश्वरीच्या हातात दिल्या, म्हनलं, शालूला दिसू दिऊ नगंस. तिनं दुपारी एकदा पाजलं, सांजंला एकदा, रातीला एकदा. फाटंला उतरला.

शालूबाई : आन तुमी बोलला न्हाई.

मारुती : न्हाई.

शालूबाई : तीन म्हयने.

मारुती : कबुली झाली आन घर गप झालं, शालू. दोन आठवड्यांत पयल्यांदा तू जेवलीस त्या दिशी. म्या म्हनलं, आज नगं बोलाया, उद्या बोलू. मंग तू तिची पेटी भाईर ठिवलीस. तवाबी म्हनलं, उद्या.

शालूबाई : पेटी मी ठिवली. व्हय. मीच ठिवली. इंदू तिच्या कडंवर हुती, मला म्हनत हुती, आजी तूबी चल.

कौमुदी : मावशी, बसा. पाणी घ्या थोडं.

शालूबाई : पानी नगं. त्यात बघ, त्या टायमाला कुनाचा फोन हुता. साडेचारला उलटला टेम्पो. बघ.

कौमुदी : त्या दिवशीचे कॉल... सकाळी नऊला मालकांचा. अकराला ‘राजी घर’, बाहेर गेलेला, सहा मिनिटं. म्हणजे त्यांनीच लावलाय बायकोला. त्यानंतर साडेचारपर्यंत काहीच नाही. पुढं सगळे मिसकॉल.

शालूबाई : म्हंजी बोलत न्हवता कुनाशी.

कौमुदी : नाही.

शालूबाई : कुनाशीच न्हाई.

कौमुदी : कुणाशीच नाही मावशी. टेम्पो उलटला, एवढंच.

मारुती : सकाळचं भांडान अकरालाच मिटलं हुतं मंग. सहा मिंटं बोललाय त्यो तिच्यासंगं.

शालूबाई : मला सोसंना हो. एवडा धडधाकट पोरगा उगंच कसा जाईल? कुनीतरी केलं आसंलच की. मला कुनीतरी पायजेच हुतं.

कौमुदी : मी येते तुमच्याबरोबर त्यांच्याकडे. दुकान बंद करते. सांगते त्यांच्या घरच्यांना, माझी चूक होती म्हणून.

शालूबाई : तुजं ऐकून भाईर काढली. आता तुजंच ऐकून आणू? ऱ्हाऊ दे. कामशेतच्या पल्याड हाय तिचं म्हायेर. मला ठावं हाय वाट.

मारुती : आदी फोन लाव. दारात जाऊन हुबी ऱ्हायलीस आन त्यांनी कडी लावली तर?

शालूबाई : माजा उचलत न्हाई ती. तुमचाबी न्हाई.

मारुती : मंग ह्या फोनावरनं लाव. माऊलीच्या.

शालूबाई : डोकं फिरलंय का तुमचं? त्याचं नाव दिसंल तिला.

कौमुदी : माझ्यावरून लावते. नंबर आहे ह्यात. मोठ्यानं ऐकू येईल असं ठेवते. घ्या, लागला.

राजेश्वरी : हॅलो, कोन?

शालूबाई : मी बोलतीया.

राजेश्वरी : आत्या? ठिवते म्या.

शालूबाई : ठिवू नगंस राजे. कुसगावातनं बोलतीया, मोबाईलच्या दुकानातनं. माऊलीचा फोन चालू झाला. त्यात कार्ड न्हवतंच. आतच असतंय म्हनं नंबर.

राजेश्वरी : व्हय आत्या.

शालूबाई : तू सांगितलं हुतंस.

राजेश्वरी : व्हय.

शालूबाई : माजं चुकलं पोरी. आमा समद्यांचं चुकलं. मी येते, तुजे पाय धरते. पन एक सांग. तू काढलंच न्हाईस, तर कबूल कशापाई केलंस? मी त्या कबुलीवर इस्वास ठिवला. त्येच्यावरच तर समदं केलं मी.

राजेश्वरी : पोरगी डोळं फिरवत हुती आत्या. औषद दिऊन बी ताप उतरंना. तुमी म्हनला, कबूल केलं का ताप जाईल. मला वाटलं, आसंल बी. त्या टायमाला तुमी म्हनला असता का नवऱ्याला तूच मारलंस, तर त्येबी व्हय म्हनले असते.

शालूबाई : असं बोलू नगंस.

राजेश्वरी : तुमी इचारलं, म्हनून सांगितलं.

शालूबाई : इंदू कशी हाय? तिच्याशी बोलू का दोन शब्द?

राजेश्वरी : शाळंत गेलीय, अंगनवाडीत. बरी हाय. तिला म्या सांगितलंय, आजीकडं फोन न्हाई.

शालूबाई : मी येऊ का? आज येते. आत्ता निघते हितनं.

राजेश्वरी : आज नगं आत्या. भात झोडायला घेतलाय, मानसं हायत घरात. त्यांच्या भाकऱ्या व्हायच्यात माज्या. ठिवते.