बांड्या पाणी पेला

माहं माहेर सावरगावचं, जाम नदीच्या काठचं, पलीकडे पांढुर्णा; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दोन्ही गावं एकमेकाले गोटे मारतात न, तेच. लगन होऊन मी इकडे सौंसरजवळ, मोहगावच्या वाटेवरच्या या वावरात आली, तवापासून इथंच आहो. शाळा चवथीपर्यंत, बाकीचं वाचून वाचून शिकली, ते जाऊ द्या. तुम्ही विहिरीचं विचारून राहिले न बापू, तं विहिरीचंच सांगतो.

ही विहीर माह्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, आन मी खांदली. पहार त्याची, टोपलं माहं. तिच्यावर संत्र्याचा बगिचा लागला, आन शेजारच्या बायाही पेयाचं पाणी इथूनच नेत. वावरात तवा लाईट नव्हती, डिझेलचं इंजन होतं. ऐंशीच्या नंतरची गोष्ट आहे. माहे भासरे, म्हणजे मालकाचे मोठे भाऊ, यायनं भंगारातली एक लोखंडी टंकी आणली आन विहिरीपाशी जमिनीत गाडली. म्हणे डिझेल थंडही राहीन आन चोरीलेही नाही जाईन. चोरीले नाहीच गेलं बाप्पा, ते खालूनच गेलं! टंकी सडली, छेद पडला, आन सगळं मातीत.

आमाले पहिले बैलानं सांगितलं. बांड्या नाव त्याचं, मोठा नखरेबाज. डोणीत पाणी ओतलं तं हुंगून मान फिरवली. मी म्हटलं, काऊन रे, तुले शरबत पायजे का? मंग चहा ठेवला तं चहाले राकेलावाणी वास. वाकून पाहिलं तं विहिरीत तवंग, रंगीबेरंगी. सारे म्हणे उपसून टाका. इंजन लावून सारी विहीर उपसली, पाणी बगिच्यात सोडलं, तं ते झाडं वाळले आन नव्या पाण्यावर तवंग पुन्हा हजर. तवा भासरे म्हणाले, बुजवा हे विहीर.

माह्या हातानं खांदलेली विहीर मी बुजू देतो का? पण तवा भासऱ्यासंग तोंडातोंडी बोलायची रीत नव्हती, डोक्यावर पदर घेऊन बाजूले व्हायचं. मंग मी काय करो, जे बोलायचं ते बैलाले बोलो, मोठ्यानं. बांड्या, विहीर बुजवली तं मी पहिले तिच्यात उतरून बसीन, सांगून ठेव. भासरेही बैलाकडेच पाहून म्हणत, बांड्या, सावरगावची आहे ते, गोटे मारल्याशिवाय राहते का! सासू हासून हासून खोकलत बसे.

मालक छिंदवाड्याले जाऊन हातपंपाच्या सरकारी महकम्यातला एक साहेब घेऊन आले. चांगला माणूस. तो म्हणे बुजवू नका, बुजवलं तं डिझेल जाईन कुठं, उतारावरच्या दुसऱ्या विहिरीत जाईन. रोज खालून थोडं पाणी काढत राहा, पण बगिच्यात नका सोडू, खड्ड्यात साठवा. म्हणजे चारी बाजूचं तेल इकडेच ओढून येईन, ते वरून धरा. आन वासाची माती खांदून बाहेर काढा. भासरे आयकत होते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, बांड्या, पुढच्या पोळ्यापर्यंत पाहू. तू पेला तं विहीर राहीन, नाई तं मुरूम टाकतो.

आता तेल धरावं कसं? बादलीत पाणीच येये, फडक्यात पाणीच येये. एक दिवस सासू ओसरीत वाती वळून राहिली होती आन मी पाहून राहिली होती. वात तेल पेते न? मी वाटीत पाणी घेऊन वर डिझेल टाकलं. पहिले जुन्या गादीचा कापूस टाकला, तो बुडला. मंग घरचा, बोंडातला, नुसती सरकी काढलेला टाकला, तं तो तरंगला आन डिझेल पेऊन पिवळा झाला, पाणी तसंच! मंग काय, शेजारच्या साऱ्या बाया आल्या. फाटक्या मच्छरदानीचे थैले शिवले, कापूस भरला, दोरानं सोडायचे, काढायचे, ड्रमात पिळायचे. मालक म्हणत, तुह्या भाकरीले इंजनाचा वास येते. मी म्हटलं, मंग फुकफुक करत लवकर कामाले लागा!

टंकी भासऱ्यायनंच काढली, खालची मातीही त्यायनंच खांदली, कोणाले हात लावू देला नाही. ते माती बरडावर पसरली, शेणखत आन कुटार, म्हणजे भुसा, मिसळून फावड्यानं वरखाली करत राहिलो. साहेब म्हणे मातीतले बारीक जीव तेल खातात. मले काही पटलं नाही, पण पुढच्या पावसात त्या मातीत तरोटा, म्हणजे टाकळा, उगवला, तवा पटलं.

पोळा आला. साहेबानं बाटलीत पाणी नेऊन तपासलं होतं, चांगलं आहे म्हणून निरोप आला होता. पण आमच्या घरचा साहेब बैल! शिंगं रंगवून, झूल घालून त्याले डोणीपाशी आणलं. त्यानं हुंगलं, आन मान वर केली. माहा जीव गेला न बापू. माशी होती मेली, कानावर! ते झटकून त्यानं तोंड खाली घातलं आन डोण कोरडी केली.

भासरे बैलालेच म्हणाले, बांड्या, सांग तिले, विहीर राहिली. मी म्हटलं, बांड्या, त्यायले सांग, आता तुम्हीही पेऊन पाहा. तं त्यायनं ओंजळीनं पाणी घेतलं आन पेले, सगळ्यायच्या देखत.

आता भासरे नाही, बांड्याही नाही. पण दर पोळ्याले मी सरकी काढलेला कापूस विहिरीत सोडतो आन काढून पाहतो. पांढराच निंघते. सून हासते, हासू द्या. हा घ्या पाण्याचा गडवा. पहिले हुंगून पाहा, मले राग नाई येत. पेले न? सुखी राहा बापू, जाता जाता घरच्यासाठीही बाटली भरून न्या.