तेराचा पाढा अर्धाच

मीरा रोडला शेअर रिक्षाची रांग हलायचं नाव घेईना, तसे संचिताचे कान पुढे उभ्या असलेल्या शेजाऱ्यांकडे, सरूबाई आणि दाजींकडे लागले. दोघं एकाच गावचे, रत्नागिरीकडचे.

"दाजी, गावच्या नव्या शाळेचं कुठवर आलं?"

"परवाच स्लॅब टाकला."

"म्हणजे तुमचं घर सुटलं! दोन वर्षं पोरं तिथंच बसतायत."

"बसू देत की. एरवी गणपतीपुरतंच उघडायचं."

"भिंतीवर पाढे लिहून ठेवलेत म्हणे. रंग मारून घ्या."

"नको नको. तेराचा पाढा अर्धाच झालाय."

"शाळेच्या बाई घर कधी खाली करतायत?"

"दिवाळीनंतर म्हणाल्या. मी म्हटलं, घाई नको, सहा महिने स्लॅबला पाणी मारा."

"अहो, एकवीस दिवस पुरे होतात!"

"जास्त मारलं तर विरघळणाराय काय?"